जबड्यातील कूर्चाजन्य कर्करोग : निदान व उपचार

प्रस्तावना :

जबड्याच्या कर्करोगाचा उल्लेख होताच आपल्याकडे तंबाखू, मिश्री व गुटखा यांचे स्मरण होते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु तोंडाच्या अस्तरातून निर्माण होणारा तो कर्करोग वेगळा व प्रस्तुत लेखाचा विषय वेगळा. कूर्चा निर्माण करणाऱ्या पेशींचे मारक अर्बुद, म्हणजेच कॉन्ड्रोसार्कोमा, हे मुख्यतः कमरेचे हाड, मांडीचे हाड, खांदा व बरगड्या येथे आढळते. जबड्यात ते क्वचितच होते. दुर्मिळ असल्यामुळेच त्याचा पहिला उपचार चुकण्याचा संभव अधिक असतो, आणि या रोगात पहिली शस्त्रक्रिया अपुरी झाली तर नंतरच्या शस्त्रक्रियेत तेवढे यश क्वचितच लाभते. वैद्यकेतर ज्ञानशाखांतील अध्यापकांसमोर हा विषय मांडण्याचे कारण हेच होय.

जबड्यात कूर्चा कोठून येते?

हातापायांची लांब हाडे प्रथम कूर्चेच्या रूपात तयार होतात व पुढे त्यांचे अस्थीत रूपांतर होते. जबड्याची हाडे मात्र बहुतांशी पटलापासून थेट बनतात. मग तेथे कूर्चेचे अर्बुद उद्भवावे कसे? याचे उत्तर भ्रूणविज्ञानात शोधले जाते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ योहान फ्रीडरिख मेकेल यांनी १८२० मध्ये वर्णन केलेली कूर्चादंडिका भ्रूणाच्या खालच्या जबड्याला आधार देते व नंतर बहुतेक लोप पावते. खालच्या जबड्याच्या सांध्याजवळील टोकाशी वाढीची कूर्चा असते. वरच्या जबड्याच्या पुढील भागाला नाकाच्या पडद्याची कूर्चा लागून असते. अशा ठिकाणी मागे राहिलेल्या पेशी पुढे अर्बुदास कारणीभूत होत असाव्यात, असे मानले जाते. वरच्या जबड्याचा पुढील भाग हे या रोगाचे नेहमीचे स्थान आहे, ही गोष्ट या अनुमानाशी जुळते.

निदानातील पेच :

सुरुवातीची लक्षणे फसवी असतात. वेदनारहित सूज येते, दात हलू लागतात किंवा जागा सोडतात, नाक चोंदते, कधी खालच्या ओठाला बधिरता येते. हिरड्या निरोगी असताना एखादाच दात हलू लागला, तर तो काढण्यापूर्वी क्ष-किरण चित्र घेणे अगत्याचे आहे. दाताच्या मुळाभोवतीची बारीक जागा सर्व बाजूंनी सारखी रुंदावलेली दिसणे, ही हाडाच्या मारक अर्बुदांची एक महत्त्वाची खूण आहे. सी. टी. स्कॅनमध्ये वलये व कमानींसारखे कॅल्शियमचे ठिपके दिसू शकतात. अर्बुदाचा खरा विस्तार एम. आर. आय.मध्ये अधिक स्पष्ट होतो.

खरा पेच मात्र सूक्ष्मदर्शकाखाली आहे. जबड्यात ऑस्टिओसार्कोमा हा अस्थिजन्य कर्करोग कॉन्ड्रोसार्कोमापेक्षा अधिक आढळतो, आणि त्याचा एक प्रकार भरपूर कूर्चा निर्माण करतो. बायोप्सीचा तुकडा लहान असेल, तर त्यात केवळ कूर्चाच दिसून निदान चुकू शकते. अर्बुदपेशी थेट कोवळे अस्थिद्रव्य बनवीत आहेत काय, हे म्हणूनच कसोशीने पाहावे लागते. उलट बाजूने, जबड्यातील कूर्चेची गाठ साधी आहे असे सहजासहजी मानू नये, हा जुना संकेत आजही पाळण्याजोगा आहे. आयडीएच या जनुकांतील बदल २०११ मध्ये कूर्चा-अर्बुदांत आढळले. ते सापडल्यास निदानाला बळकटी येते. न सापडल्यास मात्र काहीच सिद्ध होत नाही.

पेशींच्या स्वरूपावरून या रोगाच्या तीन श्रेणी मानल्या जातात. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इव्हान्स व सहकाऱ्यांच्या अभ्यासात पहिल्या श्रेणीत रोग दूर पसरल्याचे आढळले नाही. दुसऱ्या श्रेणीत ते प्रमाण १० टक्के, तर तिसऱ्या श्रेणीत ७१ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात हातापायांच्या हाडांतील पहिल्या श्रेणीच्या गाठीला कर्करोग म्हटलेले नाही; धड व कवटीच्या हाडांत मात्र तशाच गाठीचे नाव कॉन्ड्रोसार्कोमा असेच राहिले आहे. पेशी सारख्याच, पण स्थान बदलले की नाव बदलते, हे भाषेच्या अध्यापकांनाही रोचक वाटावे.

उपचार :

या रोगाचा मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच आहे. गाठ केवळ खरवडून काढणे पुरेसे नसते. तिच्याभोवतीच्या निरोगी ऊतकाच्या पट्ट्यासह ती अखंड काढावी लागते. मानेतील लसीका ग्रंथींत हा रोग क्वचितच जातो, त्यामुळे मानेची शस्त्रक्रिया सरसकट करीत नाहीत. अडचण अशी की जबड्याभोवती डोळा, नाक, कवटीचा तळ व चेहऱ्याची मज्जातंतू यांची दाटी असते. मांडीत मिळणारी मोकळी जागा येथे मिळत नाही.

काढलेल्या हाडाची जागा भरून काढणे हाही उपचाराचाच भाग होय. पोटरीतील फिब्युला हे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह काढून, जबड्याच्या आकाराप्रमाणे कापून व मानेतील रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडून बसविण्याची पद्धत हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये खालच्या जबड्यासाठी मांडली. त्या हाडात पुढे कृत्रिम दातही रोवता येतात. वरच्या जबड्यात काही वेळा टाळूची पोकळी बंद करणारी काढघालीची कवळी वापरतात. जेवण व उच्चार या दोन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असल्याने रुग्णाच्या दृष्टीने या टप्प्याचे मोल गाठ काढण्याइतकेच असते, असे मला वाटते.

नेहमीच्या कॉन्ड्रोसार्कोमावर केमोथेरपीचा विशेष परिणाम होत नाही. पेशींचे विभाजन मंद, रक्तपुरवठा अल्प व भोवती कूर्चेचे दाट आधारद्रव्य, ही त्याची कारणे सांगितली जातात. साध्या किरणोपचारालाही हा रोग सहज दाद देत नाही. सुमारे ७० ग्रे इतकी मोठी मात्रा लागते आणि ती शेजारच्या नाजूक अवयवांना सोसत नाही. प्रोटॉनचा झोत आपली बहुतांश ऊर्जा ठरावीक खोलीवर टाकून थांबतो. रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये सुचविलेली ही कल्पना आज येथे उपयोगी पडते. भारतात ही सोय चेन्नईत २०१९ मध्ये, तर टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संस्थेत २०२३ मध्ये सुरू झाली.

मेसेंकायमल हा प्रकार मात्र निराळा आहे. १९५९ मध्ये प्रथम वर्णिलेला हा आक्रमक रोग तरुण वयात होतो व जबडा हे त्याचे आवडते स्थान आहे. त्यात शस्त्रक्रियेच्या जोडीला बहुधा केमोथेरपी दिली जाते. म्हणूनच अहवालातील एका विशेषणाने संपूर्ण उपचारयोजना बदलते.

पाच वर्षे निरोगी राहिलेला रुग्ण बरा झाला, असे कर्करोगाविषयी सर्वसाधारणपणे बोलले जाते. येथे तो हिशेब चालत नाही. गाठ दहा वर्षांनी, क्वचित त्याहूनही उशिरा पुन्हा उद्भवू शकते व फुप्फुसांतही पसरू शकते. जबडा व छाती यांची तपासणी त्यामुळे दीर्घकाळ चालू ठेवावी लागते, आणि पहिल्या शस्त्रक्रियेचा अहवाल, काचपट्ट्या व चित्रे रुग्णाने स्वतःजवळ जपून ठेवावी लागतात.