टीबीच्या प्रतिबंधक गोळ्या : आधी चाचणी हवीच का?

बारामती-इंदापूरच्या वस्त्यांमधून आम्हांला एक प्रश्न नेहमी विचारला जातो. घरात एचआयव्हीचे औषध चालू असलेले माणूस आहे. टीबी होऊ नये म्हणून त्याला गोळ्या घ्यायला सांगितल्या आहेत. मग अंगात टीबीचे जंतू आहेत की नाहीत, याची चाचणी आधी नको का? त्यासाठी उसने पैसे काढायचे का?

आमचे उत्तर : या माणसासाठी नको.

जंतू अंगात निपचित पडून असतात तो संसर्ग; ते उठून खोकला-ताप आणतात तो आजार. एरवी संसर्ग झालेल्या 100 जणांपैकी 5 ते 10 जणांनाच आयुष्यात कधीतरी टीबी होतो. एचआयव्ही आहे आणि औषध नाही, तर तेवढा धोका वर्षभरातच असू शकतो. एआरटीने तो घटतो, संपत नाही.

आता चाचणीचा हिशेब करू. मॉन्टूची सुई स्वस्त. पण 48 ते 72 तासांत हात दाखवायला परत जावे लागते. समजा, निमगाव केतकीची एखादी ताई बारामतीला आली, तर दोनदा एसटीचे भाडे आणि मजुरीचे दोन खाडे. इग्रा नावाची रक्ताची चाचणी एका फेरीत होते, पण खासगी लॅबमध्ये महाग पडते. शिवाय प्रतिकारशक्ती खालावली असेल, तर जंतू असूनही या चाचण्या 'नाही' म्हणू शकतात. पैसे गेले आणि भरवसाही नाही!

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळ खायेलित्शा ही गरिबांची मोठी वस्ती आहे. तिथे एआरटी घेणाऱ्या 1,329 जणांवर अभ्यास झाला; तो 2014 साली प्रसिद्ध झाला. वर्षभर आयसोनियाझिड घेणाऱ्यांत टीबी 37 टक्क्यांनी कमी झाला, आणि हा फायदा फक्त चाचणी 'हो' आलेल्यांनाच झाला, असे दिसले नाही. आपल्या देशाच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचनांतही एचआयव्ही असलेल्यांना या गोळ्यांसाठी संसर्गाच्या चाचणीची अट नाही.

मात्र एक गोष्ट टाळून चालणार नाही. खोकला, ताप, वजन घटणे, रात्री घाम, यांपैकी काहीही असेल तर आधी थुंकी आणि एक्स-रे तपासा. आजार असताना प्रतिबंधाची एकच गोळी घेतली, तर जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. कावीळ झाली असेल, दारू रोज चालू असेल, तर तेही डॉक्टरांपासून लपवू नका. ही औषधे यकृतावर पडतात. रोज एक याप्रमाणे सहा महिने, की आठवड्यातून एकदा असे बारा डोस, हे एआरटीची कोणती गोळी चालू आहे ते पाहून डॉक्टर ठरवतात. सरकारी दवाखान्यात ही औषधे मोफत आहेत. आणि एचआयव्हीची माहिती तुमच्या संमतीशिवाय बाहेर फोडायला 2017 च्या कायद्याने मनाई आहे.

चाचणीचा पैसा खरा कामी येतो तो दुसरीकडे. घरात कुणाला फुफ्फुसाचा टीबी निघाला, तर पाच वर्षांखालच्या मुलांना आजार नाही हे पाहून चाचणीविनाच गोळ्या देतात. मोठ्यांना मात्र चाचणी उपलब्ध असेल तर जरूर करून घ्यावी. लहानपणीच्या बीसीजी लशीमुळे मॉन्टू फसू शकते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सीवाय-टीबी ही नवी सुई त्या लशीने फसत नाही. हात दाखवायला दुसरी फेरी तिलाही लागतेच.