खोट्या नावाचा मास्तर

मागील महिन्यात सातवीच्या वर्गात एका दप्तरातून चित्रकथेचे पुस्तक निघाले. त्यातला मास्तर दिवसा फळ्यावर गणिते सोडवतो, रात्री राक्षसांशी लढतो आणि गावात त्याचे खरे नाव कोणालाच ठाऊक नसते. पुस्तक आम्ही जप्त केले आणि कार्यालयात बसून शेवटपर्यंत वाचले. (विद्यार्थ्यांनी हे वाक्य वाचू नये!) पुस्तक परत घेताना त्या विद्यार्थ्याने विचारले, "असं खरंच कधी झालंय का?" त्याचे उत्तर येथे देत आहोत.

महाभारत तर सर्वांना माहीतच आहे. विराटाच्या घरी अर्जुन बृहन्नडा बनून राहिला आणि राजकन्या उत्तरेला नृत्य शिकवीत असे. परंतु अगदी अलीकडचे, आपल्याच मध्य प्रदेशातले उदाहरण चंद्रशेखर आझादांचे आहे.

९ ऑगस्ट १९२५ रोजी काकोरी येथे क्रांतिकारकांनी रेल्वेतला सरकारी खजिना लुटला. पुढे धरपकड झाली आणि १९२७ च्या डिसेंबरात चौघांना फाशी झाली. आझाद मात्र सापडले नाहीत. ते झाशीला आले आणि मास्टर रुद्रनारायण यांच्या आश्रयाने राहिले. पुढे ओरछ्याजवळ, सातार नावाच्या लहानशा नदीकाठी, हनुमान मंदिरापाशी कुटी बांधून राहू लागले. नाव घेतले पंडित हरिशंकर ब्रह्मचारी. जवळच्या ढिमरपुरा गावातल्या मुलांना ते शिकवीत आणि जंगलात नेमबाजीचा सराव करीत. ओरछा संस्थान होते, इंग्रजांचा थेट अंमल तेथे नव्हता. शिवाय बनारसला संस्कृत शिकलेल्या माणसाला पंडिताचे सोंग जड गेले नसावे.

पण शिकवणे हे सोंग नव्हते. मास्तर नुसता नावाचा असता तर मुलांनी चार दिवसांत ओळखले असते. मुलांची नजर कशी असते हे शाळेत राहून आम्हाला पक्के माहीत आहे. आमच्या मनात एक प्रश्न मात्र राहतो. पोलीस आले असते तर त्या भाबड्या गावाचे काय झाले असते? गावाला कोणी विचारले नव्हते.

नाव लपवण्याची गरज किती होती, हे त्यांच्या झाशीच्या साथीदारांवरून कळते. यात आपली मराठी माणसे होती, सदाशिवराव मलकापूरकर आणि विश्वनाथ वैशंपायन. घरात मराठी, बाहेर हिंदी, अगदी आपल्या पिपलानीतल्या घरांसारखी. वैशंपायनांनी आझादांचे चरित्र लिहिले तेही हिंदीतच. सदाशिवराव आणि भगवानदास माहौर १९२९ साली भुसावळ स्टेशनवर बॉम्बसह पकडले गेले. त्यांच्याविरुद्ध साक्ष देण्यास आलेले दोघे माफीचे साक्षीदार पूर्वीचे सोबतीच होते. जळगावच्या कोर्टात भगवानदासांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जेथे सोबतीच नावे सांगत होते, तेथे गावाला खरे नाव कसे सांगावे?

२७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये आझादांनी स्वतःला गोळी घातली. पोलिसांच्या हाती जिवंत सापडले नाहीत. स्वातंत्र्यानंतर सदाशिवरावांनी त्यांच्या वृद्ध आईला, जगरानी देवींना, झाशीला आपल्या घरी आणले आणि मुलाप्रमाणे सांभाळले. १९५१ मध्ये तेथेच त्या वारल्या.

ढिमरपुऱ्याचे नाव पुढे आझादपुरा झाले.