गळ टाकणाऱ्याच्या खिशातला चाकू
इंद्रायणीच्या काठी वसलेल्या चऱ्होलीत जो गळ टाकून बसतो, त्याने घडीचा चाकू घेताना दिखाऊपणापेक्षा पाते, खटका व मूठ यांचा विचार आधी करावा. तंगूस तोडणे, आमिष कापणे, लहान मासा साफ करणे, एवढ्यास २.५ ते ३ इंचांचे पाते पुरते. साधे पोलाद सहज धार घेते, परंतु ओलाव्याने गंजते. ज्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते ते स्टेनलेस पोलाद पाण्याशी अधिक टिकाव धरते, म्हणून अल्प खर्चात तेच श्रेयस्कर. उघडलेले पाते खटक्याने घट्ट बसावे, मूठ ओल्या हातातून निसटू नये, ही बोटांच्या रक्षणाची खबरदारी होय. घरी परतताच बिजागरीत अडकलेले खवले धुऊन, ती कोरडी करून तेलाचा थेंब सोडावा; यात हयगय न केल्यास स्वस्त चाकूही वर्षानुवर्षे इमानेइतबारे सेवा करतो.