शिकागोच्या वेशीवर – लेखांक ४ : गाव राहिलेली गावं

ओक पार्कमध्ये ५० हजारांहून जास्त माणसं राहतात, स्कोकीत ६५ हजारांहून जास्त. तरी सरकारदप्तरी दोन्ही ‘व्हिलेज’च. व्हिलेज म्हटलं की आपल्याला पार, विहीर आणि एसटीचा थांबा आठवतो. ओक पार्कमधून मात्र शहरी रेल्वेचे दोन मार्ग जातात. इलिनॉय राज्याच्या कायद्यात व्हिलेज हा कारभाराचा एक प्रकार आहे, वस्ती लहान की मोठी याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. महापौराऐवजी व्हिलेज प्रेसिडेंट आणि जोडीला सहसा सहा विश्वस्त. सरपंच नि पंच म्हणा हवं तर. पाचाचे सहा झाले इतकंच.

नाव टिकलं त्यामागे शिकागोची भूक आहे. १८८९ मध्ये हाइड पार्क, लेक व्ह्यू वगैरे शेजाऱ्यांनी मतदान करून शिकागोत सामील व्हायचं ठरवलं आणि शहराला एका झटक्यात सुमारे १२५ चौरस मैल जमीन मिळाली. पाणी, गटारं, अग्निशमन हे सगळं शहराकडून मिळेल, हा हिशोब. ज्यांना तो पटला नाही, ती गावं बाहेर राहिली.

ऑस्टिनची गोष्ट मात्र निराळी. त्याला कोणी विचारलंच नाही म्हणा ना! ऑस्टिन, ओक पार्क आणि बर्विन ही तेव्हा सिसेरो टाउनशिपमधली भावंडं. कारभारात ऑस्टिनचं वजन जास्त, त्यामुळे बाकीच्यांचा जळफळाट. त्यात लेक स्ट्रीटवरची उन्नत रेल्वे, जिला शिकागोकर नुसतं ‘एल’ म्हणतात, ऑस्टिनपर्यंत आली आणि भांडणाला तोंड फुटलं. १८९९ मध्ये टाउनशिपच्या मतदारांनी ऑस्टिनला शिकागोत ढकलून दिलं. खुद्द ऑस्टिनकरांचा विरोध होता, पण डोकी कमी पडली. भावाला वाटणीत घराबाहेर काढावं, तसंच हे. पुढची पाळी आपली, हे ओक पार्कने ओळखलं असावं. १९०२ मध्ये ते टाउनशिपमधून फुटून स्वतंत्र व्हिलेज झालं. आजही ऑस्टिन बुलेव्हार्ड हा रस्ता ओलांडला की शिकागो संपतं आणि ओक पार्क लागतं.

एक गंमत सांगायची राहिली. या पश्चिम टोकाला ‘उन्नत’ रेल्वे कित्येक दशकं जमिनीवरूनच धावत होती, रस्त्यांवरची फाटकं उघडत-मिटत. १९६२ मध्ये ती शेजारच्या मोठ्या रेल्वेच्या भरावावर चढवली, तेव्हा कुठे नावाला जागली.

रिव्हरसाइडची जन्मकथा उलटी. तिथे रेल्वे आधी आली आणि गाव नंतर आखलं गेलं. १८६४ मध्ये बर्लिंग्टन रेल्वेचे रूळ डेस प्लेन्स नदीजवळून गेले. १८६९ मध्ये न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणारे ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी इथल्या १,६०० एकरांचा नकाशा केला. शिकागोचे रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ. यांनी ते मुद्दाम वळवले, कारण वळणावर माणूस रेंगाळतो. नवखा मात्र हमखास चुकतो! १८७१ ची शिकागोतली आग आणि १८७३ ची मंदी यांत जमीन विकणारी कंपनी बुडाली, पण नकाशा तगला. स्टेशनशेजारी १८७१ चा पाण्याचा मनोरा अजून उभा आहे. गाडीतून तो दिसला की रिव्हरसाइड आलं, असं समजायचं.

स्कोकीचं थोडक्यात सांगतो. शिकागो ते मिलवॉकी धावणारी नॉर्थ शोअर लाइन १९६३ च्या जानेवारीत बंद पडली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये तिच्या रिकाम्या रुळांवर ‘स्कोकी स्विफ्ट’ सुरू झाली. शिकागोचं हॉवर्ड स्टेशन सुटलं की थेट स्कोकीचं डेम्पस्टर, मध्ये एकही थांबा नाही. मधला ओक्टन थांबा मिळायला २०१२ उजाडलं, आणि माझ्या मते हा उशीर अक्षम्य होता.

पुढच्या आठवड्यात पर्पल लाइनने उत्तरेला शेवटच्या लिंडन स्टेशनपर्यंत जाऊ. तिथून थोडं चाललं की विल्मेट गावात बहाई पंथाचं नऊ बाजूंचं पांढरंशुभ्र प्रार्थनामंदिर आहे. त्याची कोनशिला १९१२ मध्ये बसली आणि मंदिर खुलं झालं १९५३ मध्ये. मधल्या ४१ वर्षांचा हिशोब तेव्हा मांडू.