कुंपणाच्या काट्यावरचा पुरावा

दक्षिण गुजरातमधल्या बारडोली, पलसाणा, महुवा या भागातल्या गावांत दुमजली बंगले दिसतात आणि त्यांतल्या अनेकांच्या दाराला कुलूप असतं. मालक अमेरिकेत, इंग्लंडमध्ये नाहीतर न्यूझीलंडमध्ये. हिवाळ्यात येतात, लग्नकार्यं उरकतात आणि परततात. अशा घरांना घरफोडीची भीती असणारच. कॅमेरा आणि सायरनच्या पुढची एक कल्पना त्यांच्यासाठी महत्त्वाची ठरू शकते: घुसखोराचा डीएनए टिपून ठेवणारं सुरक्षा उपकरण. ते काय करू शकतं आणि कुठे थांबतं, हे पैसे घालण्याआधी समजून घ्यायला हवं.

दोन वेगळ्या गोष्टी

पहिल्या प्रकारात उपकरण चोराकडून काहीतरी घेतं. कुंपणावर, खिडकीच्या चौकटीवर टोकदार काटे किंवा खरखरीत पट्टी बसवतात. चढणाऱ्याचं कातडं खरचटलं की रक्त, त्वचेच्या पेशी, केस तिथे अडकतात.

दुसऱ्या प्रकारात उपकरण चोरालाच काहीतरी चिकटवतं. त्यात कृत्रिम डीएनएची खूण असलेला द्रव फवारला जातो. प्रत्येक जागेची खूण वेगळी. डोळ्यांना तो दिसत नाही, पण अतिनील दिव्याखाली अंगाकपड्यांवर चमकतो. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात मॅकडोनाल्ड्सच्या एका दुकानाने असा फवारा बसवल्याची बातमी २०१० साली जगभर गाजली. या प्रकारात चोराचा स्वतःचा डीएनए तपासलाच जात नाही. ‘डीएनए सुरक्षा’ असं लिहिलेलं काहीही विकत घेताना यांतलं नेमकं कोणतं, हे आधी विचारावं.

लेस्टरची सुरुवात

डीएनएवरून माणूस ओळखण्याचं तंत्र ॲलेक जेफ्रीज यांना १९८४ साली इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात सापडलं. गुजराती कुटुंबांनी घर केलेलं हेच ते लेस्टर. जवळच्या खेड्यांत दोन मुलींचे खून झाले होते आणि सतरा वर्षांच्या एका मुलाने त्यांतल्या एका खुनाची कबुलीही दिली होती. डीएनए तपासणीत तो निर्दोष ठरला. पुढे हजारो पुरुषांचे नमुने घेतले गेले आणि खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क याला १९८८ मध्ये शिक्षा झाली. हे तंत्र आधी एका निरपराधाच्या कामी आलं, हे मला फार मोलाचं वाटतं. भारतात हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत लालजी सिंह यांनी ते रुजवलं.

काट्यावर अडकलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशींत केंद्रकच नसतं. डीएनए मिळतो तो पांढऱ्या पेशींतून. केसाचं मूळ आलं तर ओळख पक्की होते. नुसता तुटलेला केस सहसा फक्त आईकडचा वंश सांगतो.

ऊन, पाऊस आणि प्लॅस्टिकची पिशवी

दक्षिण गुजरातचं हवामान या पुराव्याचा शत्रू आहे. कडक ऊन डीएनए तोडतं, पाऊस धुऊन नेतो, दमट हवेत जिवाणू तो खाऊन टाकतात. महिनाभर कोणी फिरकत नसलेल्या बंगल्याच्या उघड्या कुंपणावर पावसाळ्यात उपयोगी नमुना टिकेल, ही आशा ठेवू नये. ओला नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत घालणं ही तर हमखास नासाडी; तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवतात.

जुळवायचं कोणाशी?

माझ्या मते हा सगळ्यात कळीचा मुद्दा आहे. ब्रिटनमध्ये १९९५ पासून राष्ट्रीय डीएनए कोश आहे. काट्यावरचा अनोळखी नमुना त्यात शोधता येतो. भारतात असा कोश उभारण्याचं विधेयक केंद्र सरकारने २०२३ मध्ये मागे घेतलं. म्हणजे आधी संशयित सापडायला हवा, मग जुळणी. बोटांच्या ठशांचं तसं नाही. त्यांच्यासाठी २०२२ पासून ‘नफीस’ ही देशव्यापी संगणकीय यंत्रणा आहे. त्यामुळे घरफोडीत कपाटाच्या काचेवरचा स्वच्छ ठसा पोलिसांना आजही अधिक लवकर वाट दाखवू शकतो.

डीएनए काय सांगत नाही

नमुना कोणाचा हे कळतं. तो तिथे कधी आणि का आला, हे कळत नाही. ऊसतोडीच्या हंगामात डांग, नंदुरबार, धुळ्याकडची कुटुंबं बारडोलीच्या शिवारात पालं टाकून राहतात. त्यांच्यातल्या कोणी मजुरी म्हणून तेच कुंपण दुरुस्त केलं आणि हाताला तार लागली, तर रक्त त्याचंच सापडेल. परक्या मुलखात संशय आधी अशा माणसांवरच जातो, म्हणून ही मर्यादा तपास करणाऱ्याने कधीच विसरू नये.

नमुना दूषितही असू शकतो. जर्मनीत पोलिसांनी अनेक वर्षं एका अज्ञात बाईचा पाठलाग केला, कारण खुनापासून चोरीपर्यंत कित्येक गुन्ह्यांत तिचाच डीएनए मिळत होता. २००९ मध्ये उलगडा झाला: नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्याच कारखान्यातल्या एका कामगार बाईच्या हाताने दूषित झाल्या होत्या.

कायदा

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ नुसार राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. ती लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डीएनए नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवावा आणि त्याच्या प्रत्येक हाताळणीची नोंद ठेवावी, असा आदेश दिला. घरमालकाने स्वतः खरवडून आणलेला नमुना या कसोटीवर टिकणं अवघड.

स्वसंरक्षणाच्या हक्कालाही मर्यादा आहे: गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. चेंडू आणायला भिंत चढलेलं पोर आणि चोर यांतला फरक काट्याला कळत नाही. खोल जखम करणारं किंवा वीज सोडलेलं कुंपण म्हणूनच लावू नये.

चोरी झालीच तर

घरात पाऊल टाकू नका, रक्ताचा डाग पुसू नका, तुटलेलं कुलूप उचलू नका. ११२ वर फोन करा. आपल्या आधी आत कोण कोण गेलं, कुंपणाचं काम अलीकडे कोणी केलं, हे पोलिसांना सांगा आणि पंचनाम्यात नमुन्याची नोंद झाली का, ते पाहूनच सही करा.