माकुलाच्या मज्जातंतूतली वीज

कोकणातल्या मासळी बाजारात जो माकूल मिळतो, त्याचे भाईबंद अटलांटिक महासागरातही आहेत. संकट दिसलं की माकूल अंगातलं पाणी जोरात बाहेर फेकतो आणि उलट्या दिशेने निसटतो. त्यासाठी सगळ्या स्नायूंना हुकूम क्षणात पोचावा लागतो. मज्जातंतू जितका जाड, तितका संदेश वेगवान. म्हणून माकुलाचा हा तंतू शेवईएवढा जाड, अर्धा ते एक मिलिमीटर असतो. माणसाचा जाडातला जाड तंतू मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा! जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये या तंतूकडे शास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं.

१९३९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत केंब्रिजचे दोन तरुण आले. अ‍ॅलन हॉजकिन २५ वर्षांचा, अँड्र्यू हक्सली २१ वर्षांचा. तंतूच्या आतला द्रव किती दाट आहे हे पाहायला त्यांनी तंतू उभा टांगला आणि वरून पाऱ्याचे थेंब सोडले. थेंब खाली सरकेचनात. आतला पदार्थ घट्ट निघाला. पण तंतू असा टांगलेलाच होता. मग त्यात वरून बारीक इलेक्ट्रोड खाली सरकवणं अवघड नव्हतं.

तंतू शांत असताना आतली बाजू बाहेरच्या तुलनेत ऋणभारित असते. संदेश जाताना हा फरक फार तर शून्यावर येईल, असा तेव्हाचा समज. प्रत्यक्षात इलेक्ट्रोडने नोंदवलेला आलेख शून्य ओलांडून साधारण ४० मिलिव्होल्ट वर गेला. क्षणभर आतली बाजू चक्क धनभारित झाली होती. ऑक्टोबर १९३९ मध्ये ‘नेचर’मध्ये छोटंसं टिपण छापून आलं. कारण त्यात दिलेलं नव्हतं. तोवर महायुद्ध सुरू झालं होतं आणि दोघेही युद्धाच्या कामाला लागले.

कारण युद्धानंतर उलगडलं. हॉजकिन आणि बर्नार्ड कात्झ यांनी १९४९ मध्ये दाखवलं की, बाहेरचे सोडियम आयन आत घुसतात म्हणून आलेख शून्याच्या वर उडी घेतो. १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी सगळी प्रक्रिया समीकरणांत बसवली. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता, म्हणून हक्सलीने हाताने फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड केली. संदेशाचा वेग निघाला सेकंदाला १८.८ मीटर, प्रयोगात मोजलेला होता २१.२.

त्याहून थक्क करणारी गोष्ट पुढे कळली. पोटॅशियमचा प्रवाह आकड्यांशी जुळावा म्हणून त्यांनी समीकरणात एका राशीचा चौथा घात घेतला होता. आयनांना ये-जा करू देणारी दारं तेव्हा कुणी पाहिली नव्हती, आणि आपली समीकरणं रेणूंचा पुरावा आहेत असा दावाही त्यांनी केला नाही. १९९८ मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी पोटॅशियमच्या अशा एका दाराची रचना उलगडली, तर ते चार सारख्या तुकड्यांनी बनलेलं!

हॉजकिन आणि हक्सली यांना नोबेल मिळालं १९६३ मध्ये, त्या टिपणानंतर २४ वर्षांनी. तोवर कामाचं मोल जगाने ओळखलेलं होतं. शरीरक्रियाशास्त्रात तरुण संशोधकांसाठी वेगळे पुरस्कार असतात, ते कामापासून नोबेलपर्यंतचं हे अंतर भरून काढतात. अमेरिकन फिजिऑलॉजिकल सोसायटीचा बोडिच पुरस्कार १९५६ पासून दिला जातो. ज्या हेन्री बोडिच यांचं नाव त्याला आहे, त्यांनी स्वतः १८७१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, हृदयाचा स्नायू आकुंचन पावला तर पूर्ण पावतो, नाहीतर मुळीच नाही, हे दाखवलं होतं.

अशा पुरस्काराच्या परीक्षकांचं काम नोबेल समितीपेक्षा कठीण. पुढे काय घडलं हे त्यांच्यासमोर नसतं. असतो तो छापलेला निबंध. १९३९ चं टिपण त्यांच्यापुढे आलं असतं, तर कारण नाही म्हणून ते बाजूला ठेवणं सोपं होतं. शून्याच्या वर गेलेली ती रेघ जुना समज मोडते आहे, एवढं ज्याला दिसेल तो खरा परीक्षक.