मृगापूर्वीं उरकावयाचीं कामें

घरोघरीं अर्धवट कामांचा एक कोपरा असतोच: डगमगती घडवंची, कुरकुरणारें दार, बंद पडलेली गाडी. तीं सर्व उरकावयाचीं तर क्रम पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम छप्पर. नगर जिल्ह्यांतील जुन्या धाब्याच्या घरांवर पांढऱ्या मातीचा थर असतो. उन्हाळ्यांत त्यास भेगा पडतात. त्या मृग लागण्यापूर्वीं ओल्या मातीनें बुजवून चोपाव्या. तें राहिलें कीं पाणी तुळयांत मुरतें, लांकूड कुजतें. आणि घरांतील वडील माणसें व लेंकरें त्याच तुळयांखालीं निजतात.

नंतर गाडी. कायनेटिक कंपनीची, १९७२ सालीं निघालेली व नगरच्या कारखान्यांत तयार झालेली लूना अद्याप कांहीं घरीं झांकून ठेवलेली आढळते. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनांत पेट्रोलाबरोबर ऑइलही जळतें. त्याची काजळी प्लगावर व सायलेन्सरांत सांचते. प्लग घासून पुसावा, सायलेन्सर खरवडावा, टांकींतील शिळें पेट्रोल काढून टाकावें. पुष्कळदां दुखणें एवढेंच असतें.

हीं कामें मुलामुलींस जवळ बसवून करावीं, अशी आमची सूचना आहे. पाना कसा धरावा हें पुस्तकानें येत नाहीं. आणि ज्या घरांत तें कोणासच येत नाहीं, तेथील चांगल्या वस्तूही एकेक करून भंगारांत जातात.